वेंडेल हॉगलंडची सात वळणं

आमच्या वेंडेल हॉगलंडला त्याची बायको मार्च महिन्यात सोडून गेली. कधी विषय निघालाच तर तो म्हणतो, “त्या मार्चात बर्फ फार सुंदर होता.”

वेंडेल सरकारी नोकर. अ‍ॅडम्स डोंगराच्या पायथ्याला आमचं खोरं आहे, तिथल्या घरांमागच्या मैल्याच्या टाक्या तपासायच्या, हे त्याचं काम. खड्डा दोन इंच उथळ निघाला म्हणून त्याने सख्ख्या बहिणीला सगळं उकरून पुन्हा खणायला लावलंय. ती बाई अजून नाताळच्या जेवणात त्याला मोजून दोन बटाटे वाढते.

हा माणूस अडतिसाव्या वर्षी स्नोबोर्डवर उभा राहायला शिकला आणि पुढच्याच सप्टेंबरात त्याने ठरवून टाकलं, की यापुढे एकही महिना बर्फाशिवाय जाऊ द्यायचा नाही. जानेवारीत ठीक आहे. जानेवारीत आमच्याकडे कुत्रीसुद्धा घसरतात. पण ऑगस्टात? तेव्हा खोऱ्यात नाशपातीची तोडणी चालू असते, जंगलं पेटलेली असतात आणि घसरायला बर्फ हवा तर पाठीवर बोर्ड बांधून पाच-सहा तास डोंगर चढावा लागतो. वर काय मिळतं? उन्हाळ्याने ताटात टाकून दिलेला एखादा मळका तुकडा. त्यावरून खाली यायला वीस सेकंद लागतात. मग पुन्हा चार तास उतरायचं. याला आमच्याकडे छंद म्हणतात, आणि असे छंदिष्ट खोऱ्यात तीसेक आहेत. त्यांनी स्वतःला ‘बारमाही’ असं नाव दिलंय. सलग जितके महिने झाले ती ज्याची त्याची साखळी. एक महिना चुकला की साखळी तुटली, पुन्हा एकापासून सुरुवात.

खेळ आला की नियम आले, आणि नियम आले की वेंडेल आलाच. त्याने चार नियम लिहून अग्निशमन ठाण्याच्या भिंतीवर चिकटवले. बर्फ आभाळातून पडलेला हवा. दोन्ही पाय बोर्डाला बांधलेले हवेत. न पडता, न थांबता बर्फावर सलग सात वळणं हवीत. आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराची वहीत सही हवी. सातच का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. तर पहिल्या दिवशी त्याची सात झाली होती म्हणून! तीन झाली असती तर सगळं खोरं आज सुखात असतं.

हे नियम तो स्वतःही पाळायचा, हे मान्य करायलाच हवं. गुडघ्याचं ऑपरेशन दोन तारखेला करून घेतलं, म्हणजे एक तारखेला तो महिना उरकता येईल. आईच्या अंत्यविधीला एकतीस ऑक्टोबरला चर्चमध्ये आला तो ओल्या बुटांनी. पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि याच्या बुटांतलं पाणी बाकाखालून पुढच्या रांगेत निघालं होतं.

गस बराहासची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. गस नाशपातीच्या बागेवर मुकादम आहे. त्याची एकसष्ट महिन्यांची साखळी होती. एका सप्टेंबरात वणव्यामुळे डोंगराचे सगळे रस्ते बंद झाले. गसने काय करावं? शहरात बर्फावर स्केटिंग करायचा हॉल आहे. तिथलं यंत्र रोज बर्फ तासतं आणि तो कीस मागच्या बाजूला ओतून देतं. गसने फावड्याने तो ढीग उतारावर पसरला आणि रीतसर वळणं घेतली. वेंडेल जातीने जाऊन ढीग बघून आला आणि म्हणाला, “आभाळातून पडलेला नाही.” झालं, एकसष्ट महिने पाण्यात. तेव्हापासून गसने साखळी धरली नाही, मैत्री मात्र सोडली नाही. वेंडेलला तो फक्त ‘इन्स्पेक्टरसाहेब’ म्हणायला लागला.

मी नोरीन. शाळेची बस चालवते. मला साखळीबिखळी नाही. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात टोमॅटो, असं माझं शहाण्या माणसासारखं आहे. पण वेंडेलची साक्षीदार गेली वीस वर्षं मीच, कारण शनिवारी मी रिकामी असते आणि मला चिली, म्हणजे बीन्सची तिखट आमटी, बरी जमते.

या ऑगस्टात त्याचा दोनशे चाळिसावा महिना होता. म्हणजे पुरी वीस वर्षं. आमच्या भागात एवढी लांब साखळी कुणाचीच नाही. बारमाहींनी सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, आमच्याकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीला, ठाण्यात जेवण ठेवलं होतं. बेकरीवाल्या बर्निसला केक सांगून झाला होता, कागदी पताकांवर २४० रंगवून झालं होतं. बाजारात तुरी तशी गत. ऑगस्टचा बर्फ अजून डोंगरावरच होता आणि वेंडेल खाली होता.

पहिले दोन शनिवार धुराने खाल्ले, तिसऱ्या शनिवारी वणव्यासाठी रस्ता बंद. तरी चौथ्या शनिवारी जाता आलं असतं. पण वेंडेलचा एक जुना डाव आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वर जायचं, तंबू ठोकून राहायचं आणि सकाळी उठून पुढच्या महिन्याचीही वळणं उरकून यायचं. एका चढाईत दोन महिने. त्यामुळे आम्ही निघालो ते थेट एकतीस ऑगस्टला, शनिवारी.

“तोडणी ऐन भरात आहे,” गस गाडीतून उतरत म्हणाला. “माझी चाळीस माणसं झाडांवर आहेत आणि मी इथे. इन्स्पेक्टरसाहेब, हे तुमच्या वीस वर्षांसाठी हं. एकविसाव्याला मी मेलो असं समजा.”

“यादी,” वेंडेल म्हणाला. त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

निघण्याआधी तो यादी वाचतो आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखं ‘आहे, आहे’ म्हणतो. पाणी, टोप, दोरी, मलम. वेंडेलचा बोर्ड मधोमध उभा चिरलेला आहे. तसे मिळतात. चढताना दोन पट्ट्या पाठपिशवीच्या दोन बाजूंना बांधायच्या आणि वर गेल्यावर चाप लावून एक बोर्ड करायचा. यादीत लिहिलं होतं, ‘पट्ट्या: दोन’. त्याने हात मागे नेऊन एक चापटी डावीकडे मारली, एक उजवीकडे मारली आणि खूण केली.

सातला निघालेलो आम्ही एकच्या सुमाराला वर सपाटीवर पोचलो. वाटेत हकलबेरी पिकल्या होत्या. त्या तोडायला मी थांबले की हा घड्याळ बघायचा. वर सगळा काळा दगड आणि राख. मधेच उतारावर तो बर्फाचा तुकडा होता. लांबी चाळीसेक पावलं, उन्हाने पडलेले खळगे, वरून धूळ, कडेला गुलाबी शेवाळ. माझ्या आजीने ही चादर कुत्र्यालाही अंथरली नसती. वेंडेल त्याच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसं बघत राहिला.

मी स्टोव्ह काढला. गस दगडाला टेकून बूट सोडत होता. वेंडेलने पिशवीला बांधलेल्या पट्ट्या सोडल्या आणि बोर्ड जुळवायला बसला. बराच वेळ चापांची खटखट ऐकू आली. मग ती थांबली.

“नोरीन,” तो म्हणाला, “जरा इकडे ये.”

मी गेले. त्याने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींना बाहेरची कड डावीकडे होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. वेंडेलकडे बोर्ड दोन आहेत, एकाच कंपनीचे, एकाच निळ्या रंगाचे. एक चांगला, एक दगडांवर घासायला जुना. गुरुवारी त्याने दोन्हींना मेण लावून चारही पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि शनिवारी पहाटे त्यातल्या दोन उचलल्या. दोन्ही डाव्या. यादीप्रमाणे दोन होत्याच!

गस उठून आला. त्याने एक पट्टी हातात घेतली, उलटी केली, दुसरी घेतली, तीही उलटी केली. मग तो खाली बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

“अरे, हसू नकोस,” मी म्हटलं. माझंही तोंड वाकडं झालं होतं.

“हसत नाहीये गं,” गस डोळे पुसत म्हणाला. “लोकांचा खड्डा दोन इंच उथळ, आणि साहेबांचा अख्खा उजवा पाय घरी!”

वेंडेलचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने घड्याळात बघितलं, मग खाली खोऱ्याकडे बघितलं. हिशेब त्यालाही कळत होता. खाली जाऊन पट्टी घेऊन अंधारापूर्वी परत वर येणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. दोनशे एकोणचाळीस महिने दोन डाव्या पट्ट्यांपाशी येऊन अडकले होते.

मी बोर्ड आणलाच नव्हता. वर एकच बोर्ड होता. तो गसचा, सवयीने आणलेला. त्याच्याकडे मागायचं वेंडेलच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. तो दोनदा घसा खाकरून पुन्हा चापांशी खटपट करायला लागला.

“घे,” गसच म्हणाला. “बोलू नकोस, घे. फक्त मी उजवा पाय पुढे ठेवतो आणि तू डावा. पाय अडकवतात तिथले स्क्रू गंजलेत, फिरायचे नाहीत. उलटं जायचं.”

उलटं जायचं म्हणजे आयुष्यभर उजव्या हाताने जेवणाऱ्याने डाव्या हाताने सार प्यायचं. शिवाय वेंडेलचे पाय होडीएवढे, पट्टे जेमतेम शेवटच्या दात्यात बसले.

पहिल्या खेपेला तो दुसऱ्याच वळणावर पडला. दुसऱ्या खेपेला तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी उठायचं, पाय सोडवायचे, बोर्ड काखेत घ्यायचा आणि चाळीस पावलं वर चढायचं. गस दगडावर बसून मोठ्याने मोजत होता. “एक... दोन... तीन... आणि साहेब बसले.” मी चिलीत बीन्स घातल्या. मध्ये एक जोडपं शिखरावरून उतरत आलं. त्यांना वाटलं, या म्हाताऱ्याला कुणीतरी शिक्षा दिलीय.

नवव्या खेपेला पाच झाली. अकराव्या खेपेला तो वर उभा राहिला तेव्हा पाच वाजून गेले होते. कोपरातून रक्त येत होतं आणि पँट मागून फाटली होती. आता मात्र माझ्याच्याने हसवेना. मी पळी खाली ठेवली आणि उभी राहिले.

एक. दोन. तीन. चार. पाचव्याला तो हलला, पण सावरला. सहा. आणि तुकडा संपला. सातवं वळण त्याने दगडांवर घेतलं. गसच्या बोर्डाच्या तळाचा असा आवाज आला की माझे दात आंबले. मग तो खडीत गुडघ्यांवर पडला आणि तसाच वळून आमच्याकडे बघायला लागला.

“सात?” त्याने विचारलं.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तोंड हरवलेल्या पोरासारखं. असं तोंड मी त्याच्या आईच्या अंत्यविधीलाही बघितलं नव्हतं.

“सात,” गस म्हणाला. जरासुद्धा थांबला नाही.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. वेंडेलने खिशातून वही काढली आणि माझ्यासमोर धरली. मी लिहिलं, ३१ ऑगस्ट, सात वळणं, आणि खाली सही केली. मला त्याची दया आली होती. आम्ही दोघं एकमेकांना तीस वर्षं ओळखतो, पण हे असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याचं मलाच नवल वाटलं.

भांडी घासताना मी गसला हळूच विचारलं, “तू का रे खोटं बोललास? तुझी साखळी त्यानेच तोडली ना?”

“बाई, माझी नाशपाती पिकतेय,” गस म्हणाला. “सहा म्हटलं असतं तर हा अजून वर चढला असता. आणि माझा बोर्ड बघितलास का? पुढच्या खेपेला त्याचा भुगाच झाला असता.”

सकाळी एक तारीख होती. तुकडा तिथेच होता. गसने तर बोर्ड पुढेही केला. “चला साहेब, सप्टेंबर उरकून टाका.”

“पुन्हा येईन,” वेंडेल म्हणाला. “महिना पडलाय.”

महिना पडलाय! हे वेंडेलच्या तोंडून! मी गसकडे बघितलं, गसने माझ्याकडे. तंबू आवरला तेव्हा त्याने यादीसुद्धा वाचली नाही. मला वाटलं, थकलाय. माणसाला थोडी लाज असते आणि ती चढायला एक रात्र लागते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सोमवारी दुपारी ठाण्याचं सभागृह गच्च भरलं होतं. आगीचे बंब बाहेर उभे करून आत टेबलं लावली होती. भाजलेला सामन मासा, मक्याची कणसं, हकलबेरी भरलेली पेस्ट्री, आणि मधोमध बर्निसचा केक. केकवर पांढरा डोंगर आणि निळ्या क्रीमने २४०. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कोपराला पट्टी होती. लोक येऊन त्याच्याशी हात मिळवत होते आणि तो ताप आल्यासारखा उभा होता.

सुरी हातात दिली, तेवढ्यात ब्रिन पुढे आली. ब्रिन जनावरांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. चोवीस वर्षांची, बारमाहींमधली सगळ्यात नवी. तिची चौदा महिन्यांची साखळी होती, आणि चौदा महिन्यांच्या साखळीचं कौतुक चौदा महिन्यांच्या बाळासारखंच असतं.

“वेंडेल, एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “मी बुधवारी उत्तरेच्या बाजूला गेले होते. माझी सहाच झाली. सातव्याला बर्फच संपला. ऑगस्ट धरू का?”

“अगं, धर की!” बर्निस म्हणाली. “एका वळणाने काय होतंय?”

“धर पोरी, धर,” मागून दोघं-तिघं ओरडले. “आज वेंडेलचा दिवस आहे. आज तो नाही म्हणायचा नाही.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गसने बियरचा डबा तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. मी मनात म्हणत होते, हो म्हण. आयुष्यात एकदा हो म्हण, गाढवा. तू हो म्हटलंस की तुझंही भागेल आणि तिचंही भागेल.

वेंडेल सुरीकडे बघत होता.

“सहा म्हणजे सहा,” तो म्हणाला.

ब्रिनचे डोळे भरून आले. कुणीतरी “शी!” म्हणालं. मला इतका संताप आला की हातातली बशी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. स्वतःची सहा पचवून दुसऱ्याला सहा म्हणजे सहा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने सुरी केकशेजारी आडवी ठेवली.

“माझीही सहाच होती,” तो म्हणाला. “सातवं दगडावर झालं. माझीही तुटली.”

वेंडेलने खिशातून वही काढली, पेन काढलं आणि सगळ्यांदेखत त्या ओळीवर रेघ मारली. आणि मग, एकेक करून, अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. कारण वहीत सही माझी होती.

“नोरीन,” वेंडेल म्हणाला. टाकी तपासताना बोलतो त्याच आवाजात. “तू मोजत होतीस?”

“होते.”

“किती झाली होती?”

“सहा.”

“मग सात का लिहिलीस?”

“तुझं तोंड बघून,” मी म्हटलं. “दुसरं काय!”

कुणी हसलं नाही. यातल्या निम्म्या लोकांची पोरं माझ्या बसमध्ये बसतात. मी दारं उघडताना ‘पट्टा लावलास का, खरं सांग’ असं त्यांना रोज दटावते.

वेंडेलने मान हलवली. मग तो भिंतीवरच्या नियमांच्या कागदापाशी गेला आणि चौथ्याखाली पाचवा नियम लिहिला. खोटी सही करणाऱ्याची साक्ष पुढे कधीही धरली जाणार नाही. कंसात माझं नाव.

“आणि गस?” मी ओरडले. “आधी सात म्हणाला तो गस!”

“त्याची सही नाही,” वेंडेल म्हणाला. “तोंडी होतं.”

गसने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता केक कापायला घेतला. लोक बशा पुढे करायला लागले. ब्रिन वेंडेलला बिलगून रडत होती आणि तो लाकडासारखा ताठ उभा राहून तिच्या पाठीवर थापटत होता. तासाभरात खोऱ्यात त्याच्याइतका मोठा माणूस उरला नव्हता. कुणीतरी तर म्हणालं, दोनशे चाळीसपेक्षा हेच थोर. मी कोपऱ्यात कणीस खात होते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मला राग आला होता आणि तो अजून आहे. आयुष्यात एकदा मी त्याच्याशी दयेने वागले, तर ती त्याने नावानिशी भिंतीवर लावली. आणि भिंतीवर लिहिलंय त्यातलं एक अक्षरही खोटं नाही, म्हणून तो कागद मला फाडताही येत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी त्याचा ट्रक माझ्या दारात येऊन थांबला. पुढे तो, शेजारी ब्रिन, मागे गस पेंगत होता. साखळीचा पहिला महिना, दोघांचाही. वेंडेलने काच खाली केली.

“येतेस?”

“माझी सही चालत नाही ना!”

“सहीला गस आहे,” तो म्हणाला. “तू चिलीला ये.”

मी त्याला दोन शिव्या दिल्या, आणि बीन्सचे डबे आणायला आत गेले.